मायट्रल झडप बदललेल्या बाईची दाढ: एक केस, तीन औषधं

रुग्ण ३८ वर्षांची, सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, शेतमजुरी करणारी. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. तो हृदयाच्या झडपा बिघडवणारा रुमॅटिक ताप होता हे पुढे दम लागायला लागल्यावर कळलं. हृदयातली मायट्रल झडप आकसलेली होती. २०१६ साली तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेतून, म्हणजे आताच्या महात्मा फुले योजनेतून, तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि कृत्रिम झडप बसली. आता खालची डावी पहिली दाढ मुळापर्यंत किडलेली, हिरडीवर पुटकुळी, आणि ती काढायला ती नवऱ्याबरोबर आमच्या तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात आली. तिची परवानगी घेऊन हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

दाढ काढणं हे या केसमधलं सगळ्यात सोपं काम होतं. अवघड होता तो तिच्याभोवती साचलेला औषधांचा गोंधळ. तीन औषधं, तिघांची कामं वेगळी, आणि घरच्यांपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांनी ती एकमेकांत मिसळलेली. असे रुग्ण आपल्याकडे गावोगावी आहेत. त्यांच्या दातांवर काम करणाऱ्या आणि त्यांना सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला ही तीन औषधं वेगवेगळी ओळखता यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

आल्या दिवशी

नवऱ्याने आधीच सांगून टाकलं, "व्हॉलचं ऑपरेशन झालंय हिचं. पहिल्या डॉक्टरनी दाढ काढली नाही. पाच दिवस ॲसिट्रॉम बंद करा आणि अमॉक्सिक्लॅवचा कोर्स करून या म्हणाले." ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी, अमॉक्सिक्लॅव हे अँटिबायोटिक. बाईने मात्र गोळी बंद केली नव्हती. ऑपरेशनच्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरने तिला बजावलं होतं की ही गोळी कुणीही सांगितलं तरी मनाने थांबवायची नाही, आणि ते तिने धरून ठेवलं होतं. त्या सिस्टरचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.

पिशवीतून फाइल निघाली. डिस्चार्ज कार्डावर टीटीके चित्रा झडपेची नोंद होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली ही भारतीय झडप १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली, आणि परदेशी झडपांचा खर्च न झेपणाऱ्या असंख्य रुमॅटिक रुग्णांना तिने जगवलं आहे. धातूची चौकट, त्यात उघड-झाप करणारी पॉलिथिलीनची चकती, आणि हृदयाच्या मांसाला शिवण्यासाठी पॉलिएस्टर कापडाची कड. ही शिवलेली कड ध्यानात ठेवायची, कारण रक्तात शिरलेले जंतू चिकटून राहायला तीच सोयीची जागा असते.

आणखी एक पुडी निघाली. दाढ दुखायला लागल्यावर गावच्या मेडिकलमधून आणलेली. सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या तीन प्रकारच्या गोळ्या: मेट्रोनिडाझोल, डायक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची जोडगोळी आणि पित्ताची एक. चार दिवस घेऊन झाल्या होत्या. चिठ्ठी नाही, नावं फक्त पट्टीच्या मागे.

तोंड तपासताना हिरड्यांतून आपोआप रक्त झिरपत होतं. दातांच्या मुळांशी काळपट थर होता, मिश्रीचा. दिवसातून दोनदा मिश्री लावते, म्हणाली. दाढेच्या हिरडीवरची पुटकुळी फुटून पू वाट काढत होता. चेहऱ्यावर सूज नव्हती, तोंड नीट उघडत होतं, गिळायला त्रास नव्हता. ताप येतो का, या प्रश्नाला तिने नाही म्हटलं. मग मी विचारलं, संध्याकाळी कसर वाटते का? तेव्हा म्हणाली, "व्हय, आठ-दहा दिवस झाले, अंगात कसर असती. पण ताप नाही म्हणायचा तो."

झडप बदललेल्या माणसाची कसर हलकी समजायची नसते. दाढ काढायचं त्या दिवशी आम्ही रद्द केलं. अँटिबायोटिकही दिलं नाही. पीटी-आयएनआरला, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणाऱ्या तपासणीला, रक्त पाठवलं आणि तिच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला.

आयएनआर ४.९

ॲसिट्रॉम, म्हणजे ॲसेनोकुमेरॉल, हे पहिलं औषध. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ते आयुष्यभर घ्यायचं. मायट्रल जागेवरच्या अशा झडपेसाठी आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. तिचा आला ४.९. गोळीचा डोस बदललेला नव्हता, मग रक्त इतकं पातळ झालं कशाने?

मेट्रोनिडाझोलने. यकृतातलं जे एन्झाइम ॲसेनोकुमेरॉल आणि वॉरफॅरिनचा निचरा करतं, त्यालाच मेट्रोनिडाझोल अडवतं. रक्त पातळ करणारं औषध शरीरात साचतं आणि काही दिवसांतच आयएनआर वर चढतो. वर डायक्लोफिनॅक: ते प्लेटलेट्सचं काम मंदावतं आणि जठराच्या अस्तराला ओरखडे काढतं. दाढदुखीसाठी हे असं पाकीट सर्रास विकलं जातं. ॲसिट्रॉमवर असलेल्या माणसाच्या हातात ते पडलं तर रक्तस्राव कुठेही होऊ शकतो, मेंदूतसुद्धा. हिरड्यांतलं रक्त दिसलं म्हणून किमान कळलं तरी.

तज्ज्ञांनी त्या पुडीतल्या सगळ्या गोळ्या बंद केल्या, ॲसिट्रॉमचा एकच डोस वगळायला सांगितला, दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल. व्हिटॅमिन के दिलं नाही. मोठा रक्तस्राव नसताना ते घाईने दिलं तर आयएनआर एकदम कोसळतो, आणि झडपेच्या रुग्णाला ते महागात पडतं. आयएनआर पुन्हा टप्प्यात यायला चार दिवस लागले.

पाच दिवस गोळी बंद करण्याच्या सल्ल्याबद्दल इथेच लिहितो. दात काढण्याआधी रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची ही जुनी रीत अजून टिकून आहे, आणि ती रक्तस्रावाच्या भीतीतून येते. पण दाढेच्या खड्ड्यातलं रक्त दाबून, टाका घालून, औषधाचा बोळा ठेवून थांबवता येतं. गुठळी धरून अडकलेली चकती किंवा मेंदूकडे गेलेली गुठळी अशी थांबवता येत नाही. आयएनआर ४ च्या आत असेल तर एक-दोन दात गोळी चालू ठेवून काढता येतात, फक्त आयएनआर कामाच्या आदल्या २४ तासांतला हवा. यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

कसर कशाची

हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग होतो त्याला एंडोकार्डायटिस म्हणतात. तोंडातले व्हिरिडन्स गटाचे स्ट्रेप्टोकोकाय हे जंतू त्याचे ओळखीचे कारण. त्याची चाल संथ असते: संध्याकाळची कसर, भूक मंदावणं, रात्री घाम, वजन उतरणं. चांगले उपचार मिळूनही साधारण पाचांतला एक रुग्ण दगावतो, आणि कृत्रिम झडपेवर तो झाला तर चित्र याहून वाईट. उपचार म्हणजे सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, आणि कित्येकदा पुन्हा शस्त्रक्रिया.

त्याचं निदान दोन पायांवर उभं असतं, एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी. कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं, वेगवेगळ्या जागी सुई टोचून, तीन वेळा. आपल्याकडे कितीतरी रुग्णांची कल्चर कोरी येतात, कारण हॉस्पिटलला पोचेपर्यंत त्यांनी दोन-तीन प्रकारची अँटिबायोटिक गिळलेली असतात. जंतू अर्धमेले होतात, मरत नाहीत. कल्चरमध्ये वाढत नाहीत आणि झडप पोखरत राहतात. मग डॉक्टरला अंदाजाने औषध द्यावं लागतं.

या बाईच्या बाबतीत एक गोष्ट पथ्यावर पडली. त्या पुडीत मेट्रोनिडाझोल होतं, जे हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंवर चालतं, व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकायवर नाही. पुडीत अमॉक्सिसिलिन असतं, किंवा पहिल्या सल्ल्याप्रमाणे तिने अमॉक्सिक्लॅव घेतलं असतं, तर कल्चरवर भरवसा ठेवता आला नसता.

सोलापूरला तिन्ही कल्चर घेतली गेली. छातीवरून केलेल्या एकोत धातूची सावली पडते आणि झडपेची मागची बाजू झाकली जाते, म्हणून अन्ननलिकेतून एको केली. चकती नीट हलत होती, कडेला जंतूंचा पुंजका नव्हता, शिवण सुटलेली नव्हती. पाच दिवस ठेवूनही कल्चरमध्ये काही वाढलं नाही. कसर दाढेतल्या पूमुळेच असणार, या निष्कर्षावर आम्ही आलो. पू आपली वाट काढत होता आणि सूज पसरत नव्हती, म्हणूनच दाढ इतके दिवस थांबवणं शक्य झालं. गाल किंवा गळा सुजला असता तर सगळं हॉस्पिटलमध्ये त्याच दिवशी करावं लागलं असतं.

"मला तर दर २१ दिवसांनी इंजेक्शन असतंच की"

तारीख ठरली. झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दाढेआधी एक अँटिबायोटिकचा डोस घ्यायचा आहे असं सांगितल्यावर तिने अगदी रास्त शंका काढली: पेनिड्युअरचं इंजेक्शन आठ दिवसांपूर्वीच झालंय, मग आणखी कशाला?

हे दुसरं औषध. पेनिड्युअर म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, तिला १२ लाख युनिट. कमरेत दिलं की तिथून ते हळूहळू, थेंबाथेंबाने रक्तात उतरतं. घशातल्या गट अ च्या स्ट्रेप्टोकोकसला तेवढी मात्रा पुरते. तो जंतू पेनिसिलिनला फार हळवा आहे. रुमॅटिक ताप पुन्हा येऊन उरलेल्या झडपा बिघडू नयेत, एवढंच त्या इंजेक्शनचं काम. दाढ उपटताना तोंडातले जंतू एकदम रक्तात शिरतात, तेव्हा ही मात्रा तोकडी पडते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर्षानुवर्षं पेनिसिलिन मिळालेल्या माणसाच्या तोंडातले स्ट्रेप्टोकोकाय त्याला सरावलेले असू शकतात. म्हणून अशा रुग्णाला दाढेआधीचा डोस पेनिसिलिनच्या कुळातला न देता वेगळ्या कुळातला द्यावा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलेलं आहे. एरवी नेमून दिलेला डोस म्हणजे अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, एकदाच, कामाच्या ३० ते ६० मिनिटं आधी. मुलांना किलोमागे ५० मिलिग्रॅम. बहुतेक झडपवाल्या रुग्णांना तोच योग्य. हिला तो नको होता.

तिच्या २०१६ च्या कार्डावर पर्याय लिहिलेला होता क्लिंडामायसिन ६०० मिलिग्रॅम. तेव्हा ते बरोबरच होतं. पण २०२१ साली त्याच असोसिएशनने क्लिंडामायसिन यादीतून काढलं, कारण त्याच्या एका डोसनेसुद्धा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे आतड्याचा गंभीर आजार होऊ शकतो. आता पर्याय उरतात ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, नाहीतर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला सेफॅलेक्सिन २ ग्रॅमही चालतं, पण पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील, चेहरा सुजला असेल किंवा श्वास कोंडला असेल तर ते टाळायचं. हिच्या पेनिसिलिनला सरावलेल्या जंतूंपुढे मात्र सेफॅलेक्सिनही कमी पडू शकतं. ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यातला एक ठरावीक कालावधी, ठीक असल्याची खात्री करून तज्ज्ञांनी ॲझिथ्रोमायसिन ५०० निवडलं. तेही ॲसिट्रॉमला थोडं डिवचू शकतं, पण एकाच डोसने फार नाही. नंतर आयएनआर बघायचा एवढं ठरलं.

म्हणजे तिसरं औषध हा एकच डोस. पाच दिवसांचा कोर्स नाही. दाढ काढल्यावर जंतू रक्तात मोजकी मिनिटं फिरतात, आणि रक्तात औषध हवं ते तेवढ्याच वेळापुरतं. पुढचे पाच दिवस गोळ्या घेऊन झडपेला जादा संरक्षण मिळत नाही. मिळतात ते जुलाब, चढलेला आयएनआर आणि औषधाला न जुमानणारे जंतू.

दाढ काढली तो दिवस

सोमवार सकाळ घेतली. रात्री रक्त आलं तर दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा हवा, म्हणून असे रुग्ण आठवड्याच्या सुरुवातीला आणि सकाळीच. आदल्या दिवशीचा आयएनआर २.८. ॲसिट्रॉम नेहमीसारखी चालू. ॲझिथ्रोमायसिन घरून घेऊन यायला सांगितलं नव्हतं. एसटीचा भरवसा नाही आणि एका तासाचं गणित चुकायला नको. ती आल्यावर १० वाजता आमच्यासमोर गोळी दिली आणि ११ ला काम सुरू केलं. गोळी चुकून राहिलीच तर काम झाल्यावर दोन तासांच्या आत देता येते. पण ती सोय चुकीसाठी आहे, सवयीसाठी नाही.

भूल हळूहळू, सुई शिरेत नाही हे बघून दिली. दाढेची मुळं कापून वेगळी केली आणि एकेक करून काढली, म्हणजे हाडावर आणि हिरडीवर जोर कमी. खड्डा खरवडून साफ केला, जिलेटिनचा स्पंज बसवला आणि विरघळणारे टाके घातले. न विरघळणारा टाका काढणं म्हणजे हिरडीला पुन्हा हात लावणं, आणि मग नियमाप्रमाणे पुन्हा एक डोस आला. टाका निवडण्याच्या या साध्या बाबीने तिचा एक अँटिबायोटिकचा डोस वाचला. मग ट्रानेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला गॉज चावून धरायला दिला.

त्याच डोसच्या छत्राखाली त्या बाजूच्या खालच्या दातांचं स्केलिंगही करून घेतलं. अशा रुग्णाची कामं जमतील तेवढी एकत्र बांधावीत; नाहीतर पुढच्या डोसआधी निदान दहा दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे तोंडातले जंतू पूर्ववत होतात. तासाभराने रक्त थांबलेलं होतं. घरी जाताना पॅरासिटामॉल सोडून काहीही दिलं नाही. नवऱ्याला ते पटेना. "एवढी दाढ काढली आणि गोळ्या नाहीत?" त्याला बसवून सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि तो वेळ सत्कारणी लागला असं मी म्हणेन, कारण पुढच्या वेळी मेडिकलमध्ये तोच जाणार आहे.

चौथ्या दिवशी आयएनआर ३.१. आठवड्याने खड्डा भरत आलेला, कसर गेलेली.

हा डोस कुणाला, आणि त्याला आधार किती

दात काढल्यावर रक्तात स्ट्रेप्टोकोकाय सापडतात हे ओकेल आणि इलियट यांनी १९३५ साली दाखवलं. १९५५ पासून अमेरिकेत प्रतिबंधक अँटिबायोटिकची शिफारस सुरू झाली आणि अर्धशतकभर झडपेत थोडा दोष असलेल्या प्रत्येकाला ते मिळत राहिलं. २००७ साली यादी एकदम आखडली, कारण दात घासताना, चावताना रोजच जंतू रक्तात जात असतात. वर्षातून एकदा दाढ काढण्याच्या तुलनेत त्यांची बेरीज फार मोठी होते. आता यादीत उरले ते कृत्रिम झडपवाले, झडप दुरुस्त करताना रिंगसारखी वस्तू बसवलेले, पूर्वी एंडोकार्डायटिस होऊन गेलेले आणि जन्मजात हृदयविकाराचे काही ठरावीक रुग्ण. शिवाय हृदय बदलल्यावर झडप बिघडलेले.

इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २००८ साली याहून पुढे जाऊन कुणालाच देऊ नका म्हटलं. त्यानंतर तिथे एंडोकार्डायटिस वाढल्याचं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं. वाढीचं कारण तेच असं त्यातून सिद्ध झालं नाही, तरी २०१६ साली नाइसने शब्द मवाळ केले: सरसकट देऊ नका. रुग्णांना दोन गटांत वाटून घेतलेली नेमकी चाचणी आजवर झालेलीच नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या जवळपास ८० लाख लोकांच्या विमा नोंदींतून मात्र दिसलं की अति जोखमीच्या गटात दात काढणं आणि एंडोकार्डायटिस यांचा संबंध आहे, आणि डोस घेतलेल्यांत तो धोका कमी आहे. एवढ्या आधारावर कृत्रिम झडपेच्या रुग्णाला मी डोस नाकारणार नाही.

रुमॅटिक रोगाने झडप खराब झाली आहे पण अजून बदललेली नाही, अशांचं काय? आपल्याकडे ही संख्या मोठी आहे. अमेरिकन यादीत ते नाहीत. ऑस्ट्रेलियाने मात्र तिथल्या यादीत रुमॅटिक रुग्णांना जागा दिलेली आहे. माझं मत ऑस्ट्रेलियाच्या बाजूने झुकतं, विशेषतः तोंडाची अवस्था वाईट असेल आणि दाढ काढायची असेल तेव्हा. पण हे प्रत्येक रुग्णाच्या हृदयरोगतज्ज्ञाशी बोलूनच ठरवावं.

राहिलेलं काम

सगळ्यात मोठं काम मिश्री सोडवण्याचं आहे. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरड्या असतील तर रोज घासताना आणि जेवताना जंतू आत शिरत राहतात, आणि त्यावर कुठलाही एक डोस पुरा पडत नाही. बाईने सकाळची मिश्री बंद केली आहे. संध्याकाळची अजून सुटलेली नाही. मऊ ब्रश दिला आहे, दर सहा महिन्यांनी दात तपासायचे ठरले आहे.

तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता मराठीत कार्ड लावलंय. ॲसिट्रॉम मनाने बंद करायची नाही. पेनिड्युअर दर २१ दिवसांनी, पण दातांसाठी ते पुरत नाही. दाढ काढण्याआधी किंवा हिरडीच्या कामाआधी ॲझिथ्रोमायसिन ५०० एकदाच. नुसता एक्स-रे किंवा कवळीचं माप असेल तर नको. मेट्रोनिडाझोल आणि डायक्लोफिनॅक कुणी दिलं तरी आधी फोन करायचा. कसर आली तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर, आणि दाढ काढल्यानंतरच्या काही आठवड्यांत तर नक्कीच. तिची धाकटी मुलगी दहावीला आहे, तिने ते कार्ड मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

वरच्या उजव्या दाढेला रूट कॅनाल लागणार आहे. काम मुळाच्या आतच राहिलं तर डोस लागत नाही, पण मुळाच्या टोकापलीकडे जाण्याची शक्यता असते, शिवाय दात कोरडा ठेवायला लावतात त्या रबरी पडद्याचा, म्हणजे रबर डॅमचा, क्लॅम्प हिरडीला टोचतो, म्हणून तिथेही डोस देऊनच सुरुवात करायची असं तज्ज्ञांशी बोलून ठरलं आहे. आयएनआर आदल्या दिवशी, तारीख पुढच्या महिन्यातल्या सोमवारची.